उजनीच्या लाँचवर विजेची चूल

सोलापूरच्या माणसाला एकदम एवढं पाणी दाखवू नये. आधी तो हरखतो, मग गप्प होतो आणि मग त्याला राग येतो. माझं अगदी तसंच झालं. आमच्याकडे नळाला पाणी कधी येणार हे बायका एकमेकींना लग्नाची तारीख सांगावी तसं सांगतात, आणि ते पाणी ज्या उजनी धरणातून येतं ते मी जन्मात नीट पाहिलेलं नव्हतं. पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतून चकाकलेलं दिसायचं, तेवढंच. आता केस पांढरे झाल्यावर पाहिलं, आणि तेही सहलीला म्हणून नाही. एका लाँचवरच्या स्वयंपाकिणीला विजेवर भाकरी करायला शिकवायला गेले होते.

हे काम माझ्याकडे कसं आलं तेही सांगते. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात दखनी, अशी माझी जीभ तीन रस्त्यांवर चालते आणि तिन्ही रस्त्यांवर जोरात चालते. रफिकभाईंचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे, तिथे मी गिऱ्हाइकाला शेगडी, मिक्सर, राइस कुकर चालवून दाखवते. शेगडी घेऊन गेलेली बाई महिनाभरात परत आली की तिला पहिला प्रश्न मीच विचारते, "सांगितलं तसं वापरलंत का?" आणि बहुतेक वेळा वापरलेलं नसतं.

हल्ली रफिकभाई सोलरचंही काम घेतात. करमाळा तालुक्यात धरणाच्या काठावर बापू म्हणून एक जण आहेत, त्यांची पर्यटकांना फिरवणारी मोठी लाँच आहे. तिच्या छतावर रफिकभाईंनी पॅनेल बसवली, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर ठेवला, विजेची शेगडी जोडली आणि परत आले ते तोंड पाडून.

"मशीनां सब लगाया मैं," ते म्हणाले. "पन वो अक्का हाथ बी लगाती नै. तुमी चला बाई. तुमारी जबान के सामने कोन टिकता?"

ही स्तुती होती की टोमणा, ते मी विचारलं नाही. शुक्रवारी पहाटे पिशवी भरली.

शुक्रवार: काठावर

रफिकभाईंचा छोटा टेम्पो मोहोळला पहिल्यांदा थांबला. चहा इतका गोड होता की चमचा उभा राहावा. मी दुसरा, बिनसाखरेचा मागितला तर हॉटेलवाल्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं. तिथेच कळलं की पिशवीतली शेंगाचटणीची पुडी फुटली आहे आणि सगळ्या कपड्यांना लसणाचा वास लागला आहे. पुढचे दिवस मी चालती-फिरती चटणी होऊनच वावरले. लाँचवर कुणी तक्रार केली नाही, उलट सगळ्यांना भूक जास्त लागली.

टेंभुर्णी सोडल्यावर रस्त्याला ऊसच ऊस. डावीकडे केळी, उजवीकडे ऊस, मधे ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि आम्ही त्यांच्या मागे. मग एका वळणावर झाडं संपली आणि पाणी सुरू झालं. पलीकडचा काठ दिसेना. पाण्यात अर्धी बुडालेली वाळकी झाडं, त्यांच्यावर बगळे, आणि दूर एक गुलाबी पट्टा. तो पट्टा हलला तेव्हा समजलं की ते पक्षी आहेत. रोहित पक्षी म्हणतात त्यांना, थंडीत येतात. मी टेम्पोतून उतरून नुसती उभी राहिले. घरी हंडे मोजून पाणी वापरणारी बाई मी. एवढं पाणी उघड्यावर पडलेलं बघून छान वाटलं आणि मग आतून चीड आली. रफिकभाईंना म्हटलं, "हे इथे आणि आपण तिथे कोरडे." ते म्हणाले, "गुस्सा बाद में करो, अब्बी चढो."

लाँच मला वाटली होती त्यापेक्षा मोठी निघाली. पुढे बाकडी, वर पत्र्याचं छत, आणि मागे एका खणात स्वयंपाकघर. खण कसला, आमच्या न्हाणीघराएवढी जागा. तिथे एक डिझेलची भट्टी बोल्टने आवळलेली होती. हायवेच्या ढाब्यांवर असते तशीच, खाली टाकी, हवा भरायचा पंप, आणि वर एक धुराडं. गॅस का नाही, असं मी विचारलं. बापू म्हणाले, "गॅस गळला तर वर जात न्हाय, ताई. बोटीच्या पोटात जाऊन बसतो. मग एक काडी वढली की संपलं." बापू म्हणजे उन्हाने काळवंडलेला, कमी बोलणारा माणूस. बोलला की मुद्द्याचं.

आणि आत, भट्टीसमोर, ज्यांना शिकवायला मी आले होते त्या जनाक्का. बापूंच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर दिराने लाँच घेतली आणि वहिनीने तिचं स्वयंपाकघर घेतलं. माझ्याच वयाच्या. नाकात मोठी चमकी, डोळे लालभडक, आणि दर चार शब्दांना खोकला. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सोलापूरच्या का? जेवून घ्या आदी. मग काय शिकवायचं ते शिकवा."

भट्टी पेटली. आवाज असा की शेजारच्याने कानात ओरडावं तेव्हा ऐकू यावं. धूर धुराड्यातून जायला हवा, पण अर्धा तिथून जायचा आणि अर्धा जनाक्कांच्या छातीत. दारात उभं राहून माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्या मात्र त्या धुरात वाकून भाकरी थापत होत्या. आमची सोलापुरी भाकरी पातळ, कडक, पापडासारखी मोडणारी, महिनाभर टिकणारी. ही जाड, मऊ, वाफाळलेली. तव्यावर एक बाजू झाली की जनाक्का ती उचलून थेट जाळाला लावायच्या आणि भाकरी टम्म फुगायची. बरोबर चिलापी माशाचं कालवण, काळं तिखट घातलेलं, वर तेलाचा तवंग. मी मासे खाताना बोलत नाही. त्या दिवशी बराच वेळ बोलले नाही, म्हणजे बघा.

जेवण झाल्यावर बापूंनी मला पुढच्या बाकड्यावर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "करमाळ्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, ह्या धुरात वैनी आता उभी ऱ्हाता कामा न्हाय. म्हणून हे सगळं केलं. पर लोक हितं भाकरी आन् मासा खायाला येत्यात, ताई. आयतवारी पुण्याचा मोठा गट हाय. त्येंच्यापुढं विजेवरची भाकरी जमली तर भट्टी काढतो. न्हाय जमली तर भट्टी ऱ्हातीय आन् वैनी घरी बसतीय. भिगवनचा एक आचारी सांगून ठिवलाय."

"त्यांना हे माहीत आहे?"

"म्हाईत हाय. तिला वाटतंय, ही शेगडी तिला घरी बसवायलाच आणलीय. म्हणून तर तिच्याकडं बघत न्हाय."

दुपारी मी शिकवायला बसले. इंडक्शन शेगडी सपाट, काळी, चकचकीत. मी पाणी ठेवलं, बटण दाबलं, बघता बघता उकळलं. हा माझा हुकमी डाव, सोलापुरात यावर बायका "अग्गं बाई" म्हणतात. जनाक्कांनी शेगडीवर तळहात धरला आणि म्हणाल्या, "ऊब न्हाय, जाळ न्हाय, आन् पानी उकळतंय. हे भानामतीचं काम हाय."

मग त्यांनी आपला तवा ठेवला. सासूच्या हातचा जुना लोखंडी तवा, मधे खोलगट, बुडाला गोल. शेगडी टीं टीं करायला लागली. गोल बूड काचेला नीट टेकत नव्हतं, त्यामुळे तिला तवा आहे हेच कळेना. मी पिशवीतून नवा सपाट तवा काढला. त्या म्हणाल्या, "ह्येच्यावर भाकरी सरकती. पानी लावलं की ते कडंला वघळतंय." मी म्हटलं, सवय होईल. त्या म्हणाल्या, "आन् फुगवायची कशावर? तुमच्या डोस्क्यावर?" मी म्हटलं, तव्यावरच कापडाने दाबून फुगवायची. त्यांनी तशी एक केली. ती फुगली नाही, एका कडेला फाटली. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि भट्टीला हवा भरायला लागल्या. मी चिडले. स्पष्टच सांगते, मला वाटलं बाई मुद्दाम करते आहे. "रविवारी घरी बसायचंय का तुम्हाला?" असं माझ्या तोंडून गेलं.

त्या थांबल्या. खोकला येऊन गेला आणि मग म्हणाल्या, "उद्या सकाळी या माझ्यासंगं. मग सांगते मला घरी का बसायचं न्हाय ते."

शनिवार: पाण्यावर

सकाळचं धरण वेगळंच. पाण्यावर पातळ धुकं, कोळ्यांच्या छोट्या होड्या, जाळं ओढताना एकमेकांना हाका मारणारी माणसं. लांबच्या होडीतली हाक इथे स्वच्छ ऐकू येत होती. बापूंनी लाँच सोडली. उथळ पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. आम्ही जवळ गेलो तसे ते चालत लांब गेले, उडाले नाहीत. रफिकभाई फोन काढून बघत राहिले आणि फोटो काढायचा विसरले.

बरंच आत गेल्यावर जनाक्कांनी बापूंना हात केला. इंजिन बंद झालं. सगळीकडे नुसतं पाणी, खूण म्हणावी असं काही नाही. त्या कठड्याला टेकून म्हणाल्या, "हितं खाली माझं म्हायेर हाय."

धरण झालं तेव्हा त्या लहान होत्या. गाव उठलं, घर, विहीर, मारुतीचं देऊळ, सगळं खाली गेलं. त्यांच्या वडलांना लांब माळावर जमीन मिळाली. पुढे लग्न होऊन त्या मासेमाऱ्यांच्या घरी आल्या आणि इथेच राहिल्या, त्यांच्याच भाषेत "म्हायराच्या डोस्क्यावर". पाणी फार आटलं की उन्हाळ्यात देवळाचा कळस वर येतो. "बाकीच्या बाया दिवाळीला म्हायेरला जात्यात," त्या म्हणाल्या. "मी रोज जाते. बोटीत भाकरी करत जाते. मला काठावर बसवलं तर मी जायाचं कुटं?"

काल आपण काय बोललो ते आठवून लाज वाटली. मी म्हटलं, "जनाक्का, उद्याची भाकरी फुगणार. कशी ते मला माहीत नाही, पण फुगणार."

मग त्यांनी सांगितलं की नव्या शेगडीला त्या हात लावत नव्हत्या त्याचं अजून एक कारण आहे. नव्या चुलीवर आधी दूध उतू घालायचं असतं. रफिकभाईंनी सरळ पाणी तापवून दाखवलं आणि मीही तेच केलं. दूध नाही, हळदकुंकू नाही, मग त्या चुलीला बरकत कुठून येणार? आता यात माझी अडचण झाली. आमच्या तेलुगू घरांत तर घरभरणीला दूध उतू गेल्याशिवाय कुणी पाट मांडून जेवत नाही. आणि गेली कित्येक वर्षं दुकानात उभी राहून मी बायकांना सांगत आले आहे की शेगडीवर काही सांडू देऊ नका. पण माहेराच्या वर बोट थांबवून एक बाई दूध उतू घालू म्हणते, तिला नाही कोण म्हणेल? रफिकभाईंकडे बघितलं तर त्यांनी केव्हाच डोक्यावर रुमाल बांधला होता.

शेगडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. जनाक्कांनी पातेल्यात दूध ओतलं, आणि थोडंथोडकं नाही, माहेरचं म्हणून सढळ हाताने ओतलं. बटण मी दाबलं. आम्ही चौघं त्या खणात दाटीवाटीने हात जोडून उभे. दूध वर आलं, कडेला लागलं, जनाक्का म्हणाल्या, "जाऊ दे, जाऊ दे, चारी बाजूंनी जाऊ दे." आणि ते गेलं. काचेवर पसरलं, बटणांवर आलं, तिथून मागे वळलं आणि खालच्या पंख्याच्या जाळीतून थेट शेगडीच्या पोटात. शेगडीने एक लांब टीं केली, आतून चट असा आवाज आला, आणि सगळं बंद. इन्व्हर्टरही बसला.

आमचे हात जोडलेलेच राहिले. पातेल्यातलं दूध मात्र शांतपणे खाली बसलं.

बापू बाहेर गेले आणि इंजिन सुरू करून लाँच वळवली. उतरताना फक्त एवढंच म्हणाले, "पयल्या दिशीच असं. मी त्या आचाऱ्याला फोन लावतो."

रफिकभाईंनी शेगडी उघडली. आतल्या पट्टीवर दूध शिजून चिकटलं होतं. त्यांनी पुसलं, उन्हात ठेवलं, फुंकलं, अल्लाचं नाव घेतलं. काही उपयोग झाला नाही. मला म्हणाले, "बाई, तुमकू तो मालूम था ना?" मी म्हटलं, "तुम्हालाही माहीत होतं, रुमाल कोणी बांधला?" ते पुन्हा शेगडीत फुंकायला लागले.

मी सवयीने एक जास्तीची शेगडी बरोबर आणली होती, भातासाठी लागली तर म्हणून. ती इंडक्शन नव्हे. काचेखाली तार लालबुंद होते, त्या जातीची. ही मी गिऱ्हाइकाला कधी सुचवत नाही. वीज जास्त खाते, तापायला वेळ लावते, आणि बंद केली तरी बराच वेळ गरम राहते, हात भाजतो. दुकानात ती आम्ही खालच्या फळीवर ठेवतो. पण दुसरं होतं काय? इन्व्हर्टर परत चालू करून मी ती जोडली. काच हळूहळू लाल व्हायला लागली.

जनाक्का कोपऱ्यात पायऱ्यांवर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांनी मान वर केली. जवळ आल्या, तळहात धरला.

"ही दिसती की," त्या म्हणाल्या. "ह्येला जाळ हाय."

"जाळ नाही, नुसती लाल तार आहे."

"तुमाला काय म्हणायचं ते म्हणा." त्यांनी आपला सासूचा गोल तवा काचेवर ठेवला. हिला बूड टेकलं काय आणि न टेकलं काय, तिची आच वर लागतेच. तव्यावर पाण्याचे थेंब टाकले, ते नाचले. जनाक्कांनी पिठाचा गोळा घेतला. पहिली भाकरी करपली, कारण त्या जाळ कमी करायला भट्टीची चावी शोधत राहिल्या आणि तोवर काच तापतच गेली. दुसरीला मी सांगितलं, आच कमी करायची असेल तर बटणाच्या नादी लागू नका, तवाच उचला. तिसरीला त्यांनी भट्टीवरची मासे भाजायची तारेची जाळी उचलली, लाल काचेवर ठेवली आणि तव्यावरची भाकरी जाळीवर टाकली.

भाकरी फुगली. आधी एका कडेला, मग मधे, मग सगळी, अगदी टम्म. मी दुकानात इतकी वर्षं उभी आहे, पण हे जाळीचं मला सुचलं नव्हतं. मी टाळी वाजवली. जनाक्कांनी ती भाकरी मोडून पहिला तुकडा मला दिला, दुसरा रफिकभाईंना दिला, आणि तिसरा घेऊन त्या बापूंना शोधत गेल्या. बापूंनी तो खाल्ला. आचाऱ्याला केलेलं बोलावणं त्यांनी रद्द केलं नाही. "उद्या बगू," म्हणाले.

रविवार: पाहुणे

पुण्याचा गट सकाळी आला. दुर्बिणी, टोप्या, मोठमोठे कॅमेरे. भट्टी अजून जागेवरच होती, टाकी भरलेली, काडीपेटी वरच्या फळीवर. बापूंनी तसं मुद्दाम ठेवलं होतं.

आमचे नियम आदल्या संध्याकाळीच ठरले होते. कालवण आणि भात काठावरच्या विजेवर आधीच करून घ्यायचा, पाण्यात गेल्यावर फक्त भाकरी. आणि ही शेगडी चालू असताना दुसरं काहीही जोडायचं नाही, कारण एकटीच वीज ओरपते. रफिकभाई इन्व्हर्टरच्या पडद्यासमोर नमाजाला बसावं तसे गुडघे मोडून बसले होते. ऊन स्वच्छ होतं, छतावरची पॅनेल तळपत होती.

जनाक्का थापत होत्या, मी पीठ मळून देत होते. तवा, जाळी, दुरडी. तवा, जाळी, दुरडी. आणि भट्टीचा तो भयंकर आवाज नव्हता. पाणी बोटीच्या अंगाला लागतं ते ऐकू येत होतं, पक्ष्यांचा गलका ऐकू येत होता. जनाक्कांना दोनदाच खोकला आला. निम्म्याहून जास्त भाकऱ्या झाल्या आणि बाहेरून कुणीतरी चहा मागितला. बापूंनी, सवयीचा माणूस, पुढच्या प्लगला चहाची किटली लावली.

सगळं बसलं. काच विझायला लागली. तव्यावर भाकरी, बाहेर पंगत मांडलेली, ताटांत कालवण वाढलेलं.

बापू दारात आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कीव होती, आणि तेच जास्त वाईट. "वैनी, ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "तू बाजूला हो. मी भट्टी पेटवतो." त्यांनी काडीपेटीकडे हात नेला.

"हात लावायचा न्हाय," जनाक्का म्हणाल्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. भाकरी उलटली. ती भाजत होती. काच विझली होती, पण आत साठलेली आच सरली नव्हती. ज्या खोडीसाठी मी ही शेगडी खालच्या फळीवर ठेवते, त्या खोडीनेच ती भाकरी वाचवली. मी बापूंना ढकलून पुढे पळाले, पाहुण्यांच्या देखत किटलीची वायर ओढून काढली आणि एका टोपीवाल्या साहेबाला म्हटलं, "चहा काठावर मिळेल. आधी जेवायचं." रफिकभाईंनी इन्व्हर्टर बंद करून पुन्हा चालू केला. काच लाल व्हायला जो वेळ लागला तेवढ्यात जनाक्कांनी पुढचा गोळा थापून तयार ठेवला होता.

शेवटची भाकरी जाळीवर फुगली तेव्हा बापू दारातच उभे होते. त्यांनी दुरडी उचलली आणि स्वतः वाढायला गेले.

मग पंगतीतला एकेक शब्द आत यायला लागला. जनाक्का पिठाच्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं भट्टीच्या आवाजात त्यांना बाहेरचं काही ऐकू आलेलंच नव्हतं. कुणी म्हणालं, भाकरी किती मऊ आहे. कुणी म्हणालं, अजून एक मिळेल का. एक वयस्कर बाई म्हणाल्या, कालवण जरा तिखट आहे. जनाक्कांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दही हाय की, घ्या," त्या म्हणाल्या. "सांगायचं न्हाय व्हय आदी?" सगळी पंगत हसली. त्या बाईंनी दही घेतलं आणि पुन्हा भाकरीही घेतली.

पाहुणे उतरून गेले. बापूंनी कुणालातरी फोन लावून थोडक्यात सांगितलं की नको, गरज नाही. मग पाना आणला आणि भट्टीचे बोल्ट सोडायला बसले. ते गंजले होते, रफिकभाईंनी हातोडी मारली तेव्हा हलले. टाकी, पंप, धुराडं, सगळं दोघांनी उचलून काठावरच्या मातीत आणून ठेवलं. खणात एकदम जागा झाली. जनाक्कांनी तिथे पाण्याने पुसून घेतलं.

बापू भट्टीशेजारी घाम पुसत उभे राहिले. "शेडात ठिवतो, वैनी," ते म्हणाले. "हिला अशी उगड्यावर टाकवत न्हाय. लई वरीस पाण्यावर हुती."

जनाक्का लाँचच्या कठड्याशी आल्या. एकदा भट्टीकडे बघितलं, एकदा बापूंकडे.

"ठिव," त्या म्हणाल्या. "आमच्यातलं एक काठावर ऱ्हायाचंच हुतं. ती ऱ्हाऊ दे."

आणि उद्याच्या पाहुण्यांसाठी जवारीचं पीठ चाळायला आत गेल्या.